लावणारा मागें सरतो

कांहीं शब्द आपल्या मूळच्या अर्थापेक्षां पुष्कळ मोठा पोशाख करून समाजांत वावरत असतात. ‘प्रेषित’ हा शब्द त्यांपैकींच एक. तो कानांवर पडतांच दाढी, दंड आणि तेजोवलय असलेली कोणी भव्य मूर्ति डोळ्यांपुढें उभी राहते. वस्तुतः शब्दाचा अर्थ किती साधा! प्रेषित म्हणजे पाठविलेला. ग्रीक भाषेंतील ज्या शब्दाचें हें भाषांतर आहे, त्याचाहि अर्थ तितकाच साधा आहे. राजा, आचार्य, सेनापति ह्या पदव्या मनुष्य कोण आहे तें सांगतात. प्रेषित ही पदवी मात्र त्याला दुसऱ्या कोणीतरी धाडलें आहे एवढेंच सांगते. ह्या नांवांतलें कर्तेपण नांव धारण करणाराकडे नाहींच. राजापेक्षां टपालवाला हाच त्याचा जवळचा नातलग. आणि टपालवाल्याकडून आपली अपेक्षा काय असते? त्यानें पत्र हातीं द्यावें, पाणी दिलें तर प्यावें, आणि पुढच्या घरीं जावें. पत्र देऊन तो आपल्याच ओटीवर ठाण मांडून बसला, तर त्याच्या प्रामाणिकपणाविषयीं नव्हे, पण त्याच्या धंद्याविषयीं आपल्याला शंका येऊं लागेल.

अलीकडे रस्त्यांवरील फलकांवर कोणाकोणाच्या नांवामागें ‘प्रेषित’ ही पदवी ठळक अक्षरांत छापलेली मी पाहतों, आणि मला ह्या टपालवाल्याची आठवण होते. पदवी खरी कीं खोटी ह्याचा निवाडा मी करूं इच्छीत नाहीं. कसोटी म्हणून एकच प्रश्न मनांत येतो : हे गृहस्थ येथून निघणार केव्हां?

हा प्रश्न मला सुचावा, ह्याला मी राहतों तें गांवहि थोडेंफार कारण असावें. पनवेल हें मूळचें उतारूंचें गांव. मुंबईहून पुण्याला जाणारा मनुष्य पूर्वीं बहुधा होडीनें पनवेलच्या बंदरांत उतरे आणि तेथून बोरघाटाची वाट धरी. १८३० सालीं घाटांतून गाडीरस्ता झाला तेव्हां ह्या बंदराचें भाग्य उजळलें. १८६३ सालीं त्याच घाटांतून आगगाडी धावूं लागली आणि तें भाग्य कल्याण-कर्जतच्या बाजूला निघून गेलें. आज मुंबई-पुण्याचा द्रुतगति मार्ग ह्या गांवाच्या अंगावरून जातो, कोंकणांत जाणाऱ्या गाड्या येथें क्षणभर थांबून पुढें सरकतात, आणि २०२५ सालीं उद्घाटन झालेल्या विमानतळामुळें आकाशांतूनहि लोक आमच्या शेजारीं उतरूं लागले आहेत. थोडक्यांत, पनवेलला येणें म्हणजे बहुधा पनवेलहून जाणें. एकोणिसाव्या शतकांत पुण्या-नगराकडे निघालेल्या मिशनऱ्यांचीहि हीच वाट होती. ते ह्या धक्क्याला उतरले, घटकाभर विसावले आणि घाट चढून गेले. अशा गांवांत आयुष्य काढणाऱ्या मनुष्याला जाणाऱ्यांचीं मनें कळूं लागतात, आणि मागें राहणाऱ्यांचीं त्याहून अधिक.

नव्या करारांत ‘प्रेषितांचीं कृत्यें’ ह्या नांवाचा जो ग्रंथ आहे, तो आमच्या घरीं दिवेलागणीनंतर मोठ्यानें वाचला जाई. माझे पूर्वज नगर जिल्ह्यांतले. ख्रिस्ती मंडळींत ते आले त्याला चार पिढ्या होऊन गेल्या. त्या वाचनांतील तुरुंगाचे दरवाजे उघडणारे भूकंप आणि वादळांत फुटणारीं गलबतें माझ्या बालबुद्धीला फार आवडत. पुढें वय वाढलें तेव्हां ध्यानांत आलें कीं, ह्या ग्रंथांत पुनः पुन्हां घडणारी गोष्ट चमत्कार ही नव्हे. ती निरोप ही आहे. पौल येतो, राहतो आणि जातो. थेस्सलनीकेच्या सभास्थानांत तो तीन शब्बाथ बोलला. करिंथांत दीड वर्ष राहिला. इफिसांत त्यानें तीन वर्षें काढलीं, आणि त्याच्या मानानें तो मुक्काम फारच मोठा. लुस्त्रांत तर लोकांनीं त्याला दगडांनीं ठेचून, मेला असें समजून गांवाबाहेर ओढून टाकलें. तो उठला, आणि पुढें थोड्याच काळानें त्याच वाटेनें परत आला. परत येऊन त्यानें काय केलें? सूड नाहीं, स्मारक नाहीं. गांवोगांवच्या नव्या मंडळींत त्यानें तेथलेच वडील नेमले, उपवास व प्रार्थना करून त्यांना देवाच्या हवालीं केलें, आणि तो निघून गेला.

ह्या घटनेंतील धाडस वाचकांनीं क्षणभर मनांत आणावें. ज्यांना वडील म्हणून नेमलें त्यांना नवी श्रद्धा पत्करून पुरतीं दोन वर्षेंहि झालीं नव्हतीं. आपण एखादी वाचनालयाची किल्लीसुद्धां इतक्या नवख्या हातांत देत नाहीं. शिवाय हे लोक चुकले नाहींत असेंहि नाहीं. करिंथाची मंडळी भांडली, तिच्यांत तट पडले, प्रभुभोजनाच्या पंगतींत श्रीमंत जेवूं लागले आणि गरीब उपाशी राहूं लागले. हें सर्व ऐकून पौल कळवळला, रागावला, रडला. पण तिचा कारभार त्यानें पुनः आपल्या हातांत घेतला नाहीं. त्यानें पत्रें लिहिलीं. आज जगभर वाचलीं जाणारीं तीं पत्रें मुळांत लिहिलीं गेलीं, कारण लिहिणारा तेथें नव्हता. तो करिंथांतच घर करून राहिला असता तर त्यानें दोन माणसांना बोलावून घेऊन तंटा मिटविला असता, आणि आपल्याला एक ओळहि मिळाली नसती.

हें आपल्या महाराष्ट्राला अपरिचित नाहीं. समर्थांनीं गांवोगांव मठ स्थापिले, महंत नेमले आणि स्वतः ते पुढें चालते झाले. त्याच्याहि आधीं, तेराव्या शतकांत, चक्रधरस्वामी उत्तरेकडे निघून गेले आणि पंथाचा भार नागदेवाचार्यांवर येऊन पडला. त्या विरहांतच म्हाइंभटानें आठवणी गोळा करीत वाटा तुडविल्या आणि मराठीला ‘लीळाचरित्र’ मिळालें. गुरु जवळ असतो तोंवर शिष्य त्याचें बोलणें ऐकतात. तो गेल्यावरच तें जपून ठेवण्याची जबाबदारी आपली आहे, हें त्यांना कळतें.

इंग्रजींत नवी मंडळी उभारण्याच्या कामाला रोप लावण्याचा शब्द योजतात. मराठींत आपण मंडळीची ‘स्थापना’ म्हणतों. स्थापना म्हटली कीं दगड आला, चुना आला, कोनशिला आली आणि कोनशिलेवर कोणाचें तरी नांव आलें. लावणी म्हटली कीं चिखल आला. पौलानें स्वतःच्या कामाला लावणीचीच उपमा दिली होती, आणि पाणी घालण्याचें श्रेय आपल्यामागून आलेल्या अपुल्लोसाला दिलें होतें. पनवेलच्या भोंवतीं अजून जीं थोडीं खाचरें उरलीं आहेत त्यांत आषाढांत भाताची लावणी चालते, ती मी दरवर्षीं पाहावयास जातों. राब भाजलेल्या वाफ्यांत आवण दाट आणि हिरवेंगार उगवतें. तें तेथेंच राहूं दिलें तर डोळ्यांना सुख होईल, पण लोंबी नीट धरणार नाहीं. म्हणून तें उपटावें लागतें, जुड्या बांधाव्या लागतात आणि चिखलणी केलेल्या दुसऱ्या खाचरांत दोन-दोन चार-चार काड्या रोवाव्या लागतात. आणि हें काम करणाऱ्या बायका कशा चालतात तें पाहिलें आहे काय? त्या ओळीनें वांकून उभ्या राहतात आणि लावीत लावीत मागें सरतात. पुढें चालावें तर नुकतेंच लावलेलें रोप पायाखालीं येईल. लावणाराचें मागें सरणें हा विनय नव्हे. तो लावणीचा एक भागच आहे.

आपल्या कोंकणपट्टीचा इतिहास ह्या दृष्टीनें वाचला तर मोठा बोधप्रद वाटतो. चौथ्या शतकांतील इतिहासकार युसेबियस सांगतो कीं, अलेक्झांड्रियाचा पंतेनस हिंदुस्थानांत गेला तेव्हां त्याला तेथें बर्थलमय ह्या प्रेषितानें ठेवलेलें इब्री लिपींतील मत्तयाचें शुभवर्तमान आढळलें. हा हिंदुस्थान म्हणजे आपलें कल्याण बंदर असें कांहीं विद्वान मानतात. प्राचीन लेखक अरबस्तानालाहि हिंदुस्थान म्हणत, असें दुसरे दाखवून देतात. तो वाद त्यांचा त्यांनीं मिटवावा. सहाव्या शतकांत मात्र कॉस्मस नांवाचा प्रवासी-व्यापारी स्पष्ट लिहितो कीं, कल्याणांत ख्रिस्ती लोक असून त्यांचा बिशप इराणांतून नेमला जातो. १३२१ सालीं चार फ्रान्सिस्कन साधु ठाण्यास मारले गेले, तेव्हां ते तेथल्याच एका ख्रिस्ती कुटुंबाच्या घरीं उतरले होते. त्यांचा सहप्रवासी जॉर्डानस ह्यानें त्यांचे देह सोपाऱ्यास नेऊन पुरले, आणि मागें राहून एकट्यानें काम केलें. एवढें सारें होऊन, पुढें पोर्तुगीज ह्या किनाऱ्यावर आले तेव्हां त्या जुन्या मंडळीचा मागमूस फारसा उरला नव्हता. हें कां घडलें असावें? व्यापार हटला, राज्यें बदललीं, हीं कारणें आहेतच. परंतु जिचा मुख्य सात शतकें, आठ शतकें परदेशांतूनच यावा लागतो, ती मंडळी कुंडींतल्या झाडासारखी राहते, असें मला वाटतें. कुंडी उचलणारा आला नाहीं कीं झाड सुकतें.

ह्याच्या उलट उदाहरण वसईचें. १५३४ सालीं पोर्तुगिजांनीं वसई मिळविली आणि तलवारीच्या सावलींत तेथें धर्म पसरला. ती सावली मला प्रिय नाहीं. प्रेषिताच्या पाठीशीं सरदार उभा राहिला कीं प्रेषिताचा शब्द ऐकूं येत नाहीं. १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं वसई घेतली. परके पाद्री बहुतेक निघून गेले. मंडळीच्या रक्षणाला होता तो हात नाहींसा झाला, आणि आतां हा धर्म आपोआप पुसला जाईल, असें कोणाहि शहाण्याला वाटलें असतें. तसें झालें नाहीं. सामवेदी, वाडवळ, कोळी असे तेथल्याच मातींतले लोक आपल्या देशी पाद्र्यांसह आपली उपासना चालवीत राहिले. सत्तेनें लावलेलें रोप सत्ता गेल्यावर तेथलें झालें. त्यांच्याच वंशांतील फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० सालीं तेव्हांच्या उस्मानाबादेस भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हां मला जो आनंद झाला तो केवळ जातभाईचा नव्हता. जें पेरणाऱ्यांच्या मनांतहि नसेल असें पीक त्या खाचरांत आलें होतें.

लावणाऱ्याच्या मनांत नसलेलें पीक येण्याचें दुसरें एक उदाहरण माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पनवेलांत १८४९ सालचें बेथ एल नांवाचें बेने इस्रायलांचें सभास्थान आहे. शनिवारीं घाणा बंद ठेवणारे हे ‘शनवार तेली’ कोंकणांत शतकानुशतकें राहिले. धर्मशास्त्र मात्र त्यांच्याजवळ फारसें उरलें नव्हतें. अमेरिकन मिशनऱ्यांनीं किनाऱ्यावर शाळा काढल्या, त्यांत बेने इस्रायल शिक्षक होते आणि विद्यार्थीहि. डॉ. जॉन विल्सन ह्यांनीं त्यांच्यासाठीं १८३२ सालीं इब्री भाषेचें व्याकरण मराठींत रचलें. जुना करार मराठींत वाचावयास मिळाला. मिशनऱ्यांचा हेतु उघड होता : हे लोक ख्रिस्ती व्हावेत. झालें तें वेगळेंच. फारच थोड्यांनीं बाप्तिस्मा घेतला. बाकीचे आपल्या पूर्वजांचें शास्त्र वाचूं लागून अधिक चांगले यहुदी झाले. पुढें त्यांच्यांतलेच जोसेफ इझिकेल राजपूरकर ह्यांच्यासारखे विद्वान इब्री प्रार्थना मराठींत आणूं लागले. ही मिशनची हार झाली असें कोणी म्हणतात. मी तसें म्हणूं शकत नाहीं. पत्र ज्याला द्यावयाचें त्याला दिलें. त्यानें तें वाचून काय करावें हें टपालवाल्यानें ठरवावयाचें नसतें.

आतां माझ्या स्वतःच्या माहेरघराकडे, म्हणजे नगराकडे वळतों. अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट १८१३ सालीं मुंबईस उतरले. हॉल १८२६ सालीं नाशिकच्या बाजूच्या प्रवासांत पटकीनें वारले. अमेरिकन मिशननें छापलेला मराठी नवा करार त्याच वर्षीं बाहेर पडला. १८३१ सालीं मिशनचें ठाणें नगरास झालें, १८३३ सालीं तेथें पहिली मंडळी उभी राहिली आणि १८४२ सालीं ‘ज्ञानोदय’ निघालें. तथापि मंडळीचा पाळक हा मिशनरीच. हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक ह्या दोघां मराठी गृहस्थांस पाळकपदाची दीक्षा मिळाली ती १८५४ सालीं, म्हणजे मंडळी स्थापन झाल्यावर एकवीस वर्षांनीं. त्या वेळीं बोस्टनहून मिशनचे चिटणीस रूफस अँडरसन मुद्दाम आले होते. मंडळीनें आपला कारभार आपण पाहावा, आपला खर्च आपण सोसावा आणि आपला प्रसार आपण करावा, हा त्यांचा आग्रह. स्वावलंबनाचा हुकूम समुद्रापलीकडून यावा, ह्यांतील विनोद त्यांच्या ध्यानांत आला असेल कीं नसेल! कांहीं असो, हुकूम निघाला तरी बंगला, आवार आणि पगार हीं त्रिमूर्ति पुढें कितीतरी वर्षें तशीच राहिली. लोकांनाहि तिची संवय झाली. साहेब आहे तोंवर छप्पर गळणार नाहीं, हा विश्वास किती सुखाचा असतो, हें मी आमच्या आजोबांच्या बोलण्यांतून ऐकलेलें आहे.

१९१२ सालीं चीनमध्यें काम केलेला रोलंड अॅलन नांवाचा एक इंग्रज पाद्री एक ग्रंथ लिहून विचारता झाला कीं, पद्धत सेंट पॉलची धरावयाची कीं आपली? पौल महिने मोजून मंडळ्या सोडतो आणि आपण पिढ्या मोजूनहि सोडीत नाहीं, हा त्याचा आक्षेप. हाच प्रश्न मराठींत ज्यानें जगून विचारला तो नारायण वामन टिळक. १८९५ सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतलेल्या ह्या कवीनें १९१७ सालीं मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाहि ज्यांत जागा, असा हा दरबार. मे १९१९ मध्यें टिळक गेले. दरबार फार काळ टिकला नाहीं. पण त्यांचीं भजनें टिकलीं. ज्या खेड्यांतील मंडळींना दरबाराचें नांवहि ठाऊक नाहीं, तेथें टाळ-मृदंगावर त्यांचे अभंग चालतात. १९७० सालीं नागपुरास उत्तर भारताची संयुक्त मंडळी स्थापन झाली आणि कागदोपत्रीं सारें आमचें झालें. मात्र मला विचाराल तर ज्या दिवशीं आमच्या आजीनें ओवीच्या चालीवर येशूचें नांव घेतलें, त्या दिवशींच तें आमचें झालें होतें.

इतका इतिहास मीं उगाळला तो केवळ विद्वत्तेच्या हौसेनें नव्हे. गेल्या वर्षीं हाच प्रश्न आमच्या दारीं येऊन उभा राहिला.

नव्या पनवेलांत चौदा वर्षांपूर्वीं पांच कुटुंबांची एक प्रार्थनासभा एका बिऱ्हाडाच्या बैठकीच्या खोलींत सुरू झाली. ती सुरू करणारा सुवार्तिक दूरच्या जिल्ह्यांतून पाठविला गेला होता. पुढें खोली अपुरी पडली. आम्ही भाड्याची जागा घेतली. साठ-सत्तर माणसें जमूं लागलीं. लग्नें, बारशीं, आजारपणें, भांडणें, सर्वांत हा मनुष्य पहिला. माझ्या पत्नीच्या अखेरच्या महिन्यांत तो रोज संध्याकाळीं येऊन तिच्या उशाशीं बसे आणि तिला आवडणारें एकच गीत म्हणे. तिच्या कबरीवर माझ्यामागून दुसरी मूठ माती पडली ती त्याची. माझी वेळ येईल तेव्हां प्रार्थना त्यानेंच करावी, ही इच्छा मीं माझ्या मुलाला सांगून ठेवली होती.

एके रविवारीं उपासनेनंतर तो उभा राहिला आणि म्हणाला कीं, मुरबाडकडच्या डोंगरांतील वाड्यांत आपण दिवाळीनंतर जाणार. सभेंत कोणी बोललेंच नाहीं. दुसऱ्या दिवशीं एक अर्ज तयार झाला. त्याला धाडणाऱ्या समितीकडे तो जावयाचा होता : ह्यांना येथून हलवूं नये, अन्यथा मंडळी मोडेल. सत्तावीस सह्या झाल्या. अठ्ठाविसावी माझी असावी, म्हणून माझा तीस वर्षांचा शेजारी आणि स्नेही कागद घेऊन आला. त्याच्यासोबत आलेल्या एका वृद्ध बाई मला म्हणाल्या, “मास्तर, बाप कुठं लेकरांना टाकून जातो का हो?” ह्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतें, कारण बाप जात नाहीं हें खरेंच आहे. मीं एवढेंच म्हणालों, “बाई, लेकरं मोठी झाली हें बापानं कधींतरी मानायला नको का?” आणि मीं सही केली नाहीं.

सही न करण्यांत कांहीं शौर्य होतें असें कोणीं समजूं नये. लेखणी खालीं ठेवतांना माझ्या डोळ्यांपुढें पत्नीची उशी होती. मी जें सोडीत होतों तें दुसऱ्याचें नव्हतें. स्नेही कागद घडी करून उठला, आणि त्यानंतर कित्येक महिने तो माझ्याकडे चहाला आला नाहीं. जातांना सुवार्तिक भेटावयास आला, तेव्हां मीं त्याला हा प्रकार सांगितला नाहीं. तो मात्र आपण होऊन म्हणाला, “मास्तर, मी राहिलों तर तुम्हांला बरंच वाटेल. पण मी उभा आहे तोंवर तुमच्यांतलं कोणी उभं राहणार नाहीं.”

त्याचें म्हणणें सर्वस्वीं खरें ठरलें, असें सांगण्याचा मोह होतो. पण तसें सरळ घडलें नाहीं. तो गेल्यावर दोन कुटुंबें दुसरीकडे जाऊं लागलीं. भाडें दोन महिने थकलें. उपदेश कोणीं करावा ह्यावर बैठका झाल्या, आणि त्यांतील एकींत तर करिंथाची आठवण यावी इतका आवाज चढला. शेवटीं आळीपाळी ठरली. एस्. टी.मधून निवृत्त झालेले एक कंडक्टर उभे राहिले आणि घामाघूम होऊन, लिहून आणलेलें चार पानें वाचते झाले. त्यानंतरच्या रविवारीं इस्पितळांत परिचारिका असलेली एक तरुण मुलगी, रात्रपाळी करून तशीच आलेली, सातच मिनिटें बोलली. विषय होता फिलिप्पैची लुदिया. जांभळीं वस्त्रें विकणारी ती बाई, जिनें आपलें घर पौलाला उघडून दिलें. ती म्हणाली कीं, पौल तर त्या गांवांतून थोड्याच दिवसांत गेला, पण घर लुदियाचेंच होतें. तो गेल्यावर दार रोज तीच उघडत असली पाहिजे. मी चाळीस वर्षें शिकविलें आणि तोच अध्याय शंभरदां वाचला, पण त्या दाराकडे माझें लक्ष गेलें नव्हतें.

कोणी विचारील कीं, आजच्या काळांत जाणें तरी खरें जाणें कोठें असतें? पौलाला पत्र पोंचावयाला ऋतु लागे. आमच्या प्रत्येकाच्या खिशांत दूरध्वनि आहे. गोष्ट खरी. आम्हीहि पहिल्या कांहीं रविवारीं सकाळींच त्याला फोन केले : अमुक प्रश्नाला काय करावें, तमुकाला काय सांगावें? तो रविवारीं फोन उचलीत नाहीं. सोमवारीं सावकाश उत्तर देतो, आणि पहिलें वाक्य बहुधा हें असतें : “तुम्ही काय ठरवलंत?” हें त्यानें कोठें शिकलें असेल तें मला ठाऊक नाहीं, परंतु लावणी करणाऱ्या बायका मागें सरतांना जितकें जपून पाऊल टाकतात, तितकेंच जपून तो बोलतो, असें माझ्या ध्यानांत आलें आहे. सोडून जाणें आणि टाकून जाणें ह्यांतील अंतर एवढ्याशा काळजींत असतें. वडील न नेमतां, पाणी घालणारा न पाहतां, केवळ कंटाळून निघून जाणारे लोकहि असतात; त्यांना प्रेषित म्हणतां येणार नाहीं. ज्याला पाठविलेलें नसतें तो केवळ गेलेला असतो.

आणि आतां प्रकरण उलटलें आहे. ती परिचारिका गेले चार महिने सुटीच्या दिवशीं कर्जतच्या बाजूच्या एका वाडीवर जाते. तेथें तिच्या एका रुग्णाच्या घरीं आठ-दहा बायका जमतात. त्या म्हणतात, हिनें येथेंच येऊन राहावें. तिकडच्या दवाखान्यांत तिला जागाहि मिळण्यासारखी आहे. सूरियांतील अंत्युखियाच्या मंडळीनें आपल्यांतले सर्वांत चांगले दोघे, बर्णबा आणि पौल, डोक्यावर हात ठेवून पाठवून दिले, असें तो ग्रंथ सांगतो. लहानपणीं हा मजकूर मीं कंटाळून ऐकला. त्यांत भूकंप नव्हता. ज्यांनीं हात ठेवले त्यांचे हात त्या वेळीं किती जड झाले असतील, ह्याची कल्पना मला आतां येते. आमच्या मंडळींत ती एकटीच अशी आहे कीं, जिचें बोलणें ऐकावयाला मुलें गप्प बसतात.

पुढच्या महिन्यांत बैठक आहे. ह्या खेपेचा कागद कोणाला थांबविण्याचा नसून पाठविण्याचा आहे, आणि वयानें वडील म्हणून पहिली सही माझी असावयाची आहे.